पोहता येत नाही, पळण्याचीही फार सवय नाही. ऑफिसातल्या मित्रांबरोबर टफ मडरला, म्हणजे त्या चिखलातल्या अडथळ्यांच्या धावेला, जाऊ का?

जा, खुशाल जा. वय अडतीस, आठवड्यातून दोनदा पाच-पाच किलोमीटर पळता, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावर टफ मडरचे १५ किलोमीटर निभतात, कारण तिथे सलग पळणं फारसं होतच नाही. थोडं पळलं की समोर भिंत, खड्डा नाहीतर जाळं येतं, तिथे रांग असते, मग पुन्हा थोडं पळायचं. ऑफिसातल्या मित्रांच्या मानाने दम कमी पडेल ही भीती डोक्यातून काढून टाका. 'पोहता येत नाही' हे मात्र तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. त्यावर खाली सविस्तर लिहितो.

मी टफ मडर इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये स्किप्टनजवळच्या ब्रॉटन हॉलच्या आवारात केली. सोबत मेहुणा, ऑफिसातले दोघे इंग्रज आणि एक केरळची मुलगी. चढउताराची हिरवी कुरणं, वर गार वारा, आणि उन्हाळा म्हणायचा तो नावापुरता. सगळं उरकायला चार तासांच्या आसपास लागले. त्यातला बराच वेळ रांगेत गेला.

हा प्रकार मुळात इंग्लंडचाच. वुल्व्हरहॅम्प्टनजवळ पर्टन गावात एका शेतावर १९८७ पासून 'टफ गाय' नावाची शर्यत व्हायची, तीही जानेवारीच्या थंडीत. टफ मडर पुढे २०१० मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात सुरू झाली. विल डीन या इंग्रज गड्याने हार्वर्डमध्ये एमबीए करताना तिचा आराखडा मांडला होता. त्याने एक गोष्ट बदलली आणि तुमच्या दृष्टीने तीच कामाची आहे: नेहमीच्या टफ मडरमध्ये वेळ मोजत नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही. सुरुवातीलाच सगळ्यांकडून शपथ म्हणवून घेतात की ही शर्यत नव्हे, सोबत्यांना आधी मदत करीन आणि रडगाणं गाणार नाही. आमचा मेहुणा ही शपथ शाळेतल्या प्रतिज्ञेच्या सुरात म्हणत होता. पुढे पहिल्याच चढावर त्याने तिसरं कलम मोडलं ते सोडा.

शपथ वरवरची वाटते, पण अडथळेच असे रचलेत की एकट्याला ते पार होत नाहीत. 'ब्लॉक नेस मॉन्स्टर' घ्या. छातीभर गढूळ पाण्यात आडवा टाकलेला लांबच्या लांब चौकोनी ठोकळा, आसावर फिरणारा. तो माणसाच्या डोक्याच्याही वर येतो आणि धरायला त्याला खाच नाही. अलीकडून पाच-सहा जणांनी खांदे लावून तो वर रेटायचा. तेवढ्यात एकाने वरची कड दोन्ही हातांनी पकडायची. ठोकळा फिरला की तो माणूस आपोआप वर उचलला जातो आणि पलीकडे धपकन पाण्यात पडतो. आता पलीकडे वजन मिळालं, म्हणून त्याने तिकडून कड खाली ओढायची, इकडच्यांनी रेटायचं, म्हणजे पुढचा जातो. शेवटचा जो उरतो त्याला रेटायला अलीकडे कुणी नसतं. मग मागून येणारी अनोळखी माणसं हात लावतात. आमच्यात शेवटी मी होतो आणि मला बर्मिंगहॅमच्या नर्सांच्या एका टोळक्याने पलीकडे धाडलं.

'पिरॅमिड स्कीम' तर आपल्या लोकांना शिकवायला नको. पाण्यात उभी केलेली निसरडी उतरती फळी, आणि माणसांवर माणसं चढवून तिचा माथा गाठायचा. दहीहंडीचे थरच हे, फरक इतकाच की पाय ठेवाल तो खांदा चिखलाने बरबटलेला असतो. जडांना खाली उभं करा, पाठ फळीला टेकवून; वरच्याने खांद्यावर पाय ठेवावा, मानेवर किंवा डोक्यावर नको. इंग्रज मंडळी इथे 'आधी कोण' यावर चर्चा करत बसली होती. मी आणि मेहुणा खाली उभे राहिलो आणि केरळची मुलगी सगळ्यांच्या आधी वर पोचली.

'मड माइल' हा माझ्या मते खरा टफ मडर. ओल्या मातीचे ओळीने उभे केलेले बांध, मधे गढूळ पाण्याचे चर. चर किती खोल ते उतरल्याशिवाय कळत नाही. आधी शेकडो माणसं सरपटून गेलेली असतात, त्यामुळे बांधाची पाठ साबणासारखी झालेली असते; दोन पावलं वर, तीन खाली. इथे एक युक्ती आधीच पाठ करून ठेवा. वरच्याने पोटावर झोपायचं, पाय मागच्या उतारावर सोडायचे आणि खालच्याचा पंजा न धरता मनगट धरायचं. खालच्यानेही त्याचं मनगट धरायचं. चिखलाचे पंजे एकमेकांतून माशासारखे सुटतात, मनगटं टिकतात. मागच्याने ढुंगणाला खांदा लावायचा. ऑफिसातला माणूस आहे, कसं दिसेल, असलं काही मनात आणू नका; दुसऱ्या बांधापर्यंत सगळ्यांची भीड चेपलेली असते.

आता पाणी. बहुतेक पाण्याचे अडथळे कंबर ते छातीइतके असतात, पण सगळे नाही. 'फंकी मंकी' म्हणजे पाण्यावर टांगलेले, आधी चढत आणि मग उतरत जाणारे लोखंडी दांडे. ओल्या हाताने त्यातला एखादा सुटतोच, आणि खालच्या पाण्यात तुम्ही पुरते बुडता. उंचावरून उडी किंवा झोका घ्यायचे अडथळे असतील तर खालचं पाणी खोल असणार हे धरून चाला. हे उगाच घाबरवायला सांगत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या टफ मडरमध्ये उंच फळीवरून पाण्यात उडी मारायच्या अडथळ्यावर एका तरुणाचा बुडून मृत्यू झाला. जीवरक्षक जागेवर असतात, पण पाणी इतकं गढूळ की खाली गेलेलं माणूस दिसत नाही. तेव्हा प्रत्येक पाण्यापाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला विचारा, पाणी किती खोल आहे, आणि सांगा की मला पोहता येत नाही. खोल असेल तर बाजूने चालत जा. कुठलाही अडथळा टाळता येतो, कुणी नावं ठेवत नाही, शेवटी मिळणारी डोक्याची पट्टीही तीच मिळते. मित्रांनाही हे आदल्या दिवशी सांगा. तिथे काठावर सांगितलं की 'अरे चल रे' सुरू होतं आणि भिडेखातर माणूस उडी मारतो.

बर्फाच्या पाण्याचं वेगळं. 'आर्क्टिक एनिमा' म्हणजे बर्फाचे तुकडे टाकलेली मोठी टाकी, मधे आडवी फळी, तिच्या खालून डोकं बुडवून जायचं. अंतर चार हातांचं असेल, पण थंड पाण्याने श्वास आपोआप आत ओढला जातो, आपल्या हातात राहत नाही. तो झटका डोकं पाण्याखाली असताना बसला तर नाकातोंडात पाणी. म्हणून आत उतरा, गळ्यापर्यंत बुडा, तोंडाने जोरजोरात श्वास सोडून तो जरा ताब्यात येऊ द्या आणि मगच फळीखाली जा. बाहेर आल्याबरोबर पळत सुटा. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी इकडे फिरकूही नये.

शेवटी विजेच्या तारा लोंबतात, तो 'इलेक्ट्रोशॉक थेरपी'. दहा हजार व्होल्टपर्यंतचा झटका असं आयोजक सांगतात. विद्युतप्रवाह अगदी क्षणभराचा असतो म्हणून माणूस मरत नाही, पण गुडघे दुमडून चिखलात तोंडावर पडतो. मी बाजूने गेलो. पैसे भरून शॉक घ्यायचा हे आमच्या घराण्यात बसत नाही. मेहुणा गेला, पडला, उठला आणि अजून प्रत्येक लग्नात सांगतो.

तयारीचं म्हणाल तर पळणं आहे तेवढं पुरे, फक्त चढावर पळा. खरी कमतरता हातांत निघते. बागेतल्या दांड्याला रोज लोंबकळा, अर्धा मिनिट टिकलात की वाढवत न्या. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसाची पकड किती कच्ची असते ते पहिल्या दिवशीच कळेल. हातमोजे मी घेतले नाहीत आणि ज्यांनी घेतले होते त्यांनी पहिल्या खड्ड्यानंतर काढून टाकले. बैठका माराव्यात, कारण चर चढायला मांड्याच लागतात. आणि पोटऱ्यांना गोळे येतात, हे धरूनच चाला. शेवटच्या तासात आमच्यातल्या प्रत्येकाला आले.

सुती टीशर्ट नको. चिखल पिऊन तो गुडघ्यापर्यंत लोंबतो आणि अंगावर गार राहतो. अंगाला चिकटणारे, लवकर वाळणारे कपडे घाला. बूट जुने पण तळाला दात असलेले हवेत. नाडीला दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचा. थंडी पळताना लागत नाही, रांगेत उभं राहिल्यावर हुडहुडी भरते, म्हणून रांगेत उड्या मारत राहा. सकाळी पोट भरून पोहे चालतील, खिशात चिक्की ठेवा. वाटेत पाणी मिळतं.

अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, मनगटावरचा काळा दोरा सगळं घरी काढून ठेवा. जाळ्यावर चढताना अंगठी अडकली तर बोटाची कातडीच सोलून निघते. 'काढायची नाही' म्हणून कुणी हट्ट धरला तर त्याला हे वाक्य वाचून दाखवा. चष्मा असेल तर मागून पट्टा बांधा. कॉन्टॅक्ट लेन्स लावून चिखलात जाऊ नका, डोळ्याचं दुखणं मागे लागेल.

मित्र कोण आणायचे हेही ठरवा. आमच्यातला एक इंग्रज मॅरेथॉन पळणारा. पहिल्या तासात तो दर अडथळ्यापाशी पुढे जाऊन थांबायचा आणि आम्ही पोचेपर्यंत काकडून जायचा. नंतर तो गपचूप मागे राहून सगळ्यांना वर रेटू लागला, तेव्हा कुठे आमचा मेळ बसला. सगळ्यात हळू चालणाऱ्याला मधे ठेवा, पुढे किंवा मागे नको. चार ते सहा जण पुष्कळ झाले.

घरी आल्यावरचं कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो. ते आवार एरवी गुराढोरांचं असतं आणि तो चिखल निव्वळ माती नसते. २०१२ मध्ये अमेरिकेत नेवाडात अशाच एका शर्यतीनंतर कितीतरी जणांना कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूमुळे जुलाब लागले. तपासात असं दिसलं की चिखलाचं पाणी तोंडात गेलेल्यांना जास्त त्रास झाला. चिखलात पडताना तोंड मिटून घ्या, साबणाने हात धुतल्याशिवाय चिक्कीला हात लावू नका, खरचटलेलं त्याच संध्याकाळी धुऊन औषध लावा. २००० मध्ये बोर्निओतल्या एका मोठ्या साहसी शर्यतीत नदीच्या पाण्यातून अनेक स्पर्धकांना लेप्टो (जनावरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा ताप) झाला होता. म्हणून पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले तर अंगावर काढू नका आणि डॉक्टरांना पहिल्यांदा चिखलाचंच सांगा. मुंबईत पावसाळ्यात लेप्टो नेहमीचाच, म्हणून तिथे शिकलेला डॉक्टर असेल तर तो स्वतःच विचारेल, इथे इंग्लंडातल्या डॉक्टरला सुचवावं लागतं.