जुन्या संगणकांवर लिनक्स कसे बसवावे?

प्रश्न : आमच्या शाळेत १ ते २ जीबी रॅमचे काही जुने संगणक पडून आहेत. त्यांत हलकी लिनक्स प्रणाली हार्ड डिस्कवर बसवावी, की पेनड्राइव्हवरूनच चालवावी?
– एक शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : आधी अँटीएक्स या हलक्या लिनक्स प्रणालीची ३२-बिट (जुन्या प्रोसेसरवरही चालणारी) आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन तिच्यावरून संगणक सुरू करावा, डिस्कवरील काहीही न पुसता आवाज, वाय-फाय आणि पडदा नीट चालतात की नाही, हे त्यातून कळते. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘एलएससीपीयू’ (lscpu) ही आज्ञा दिल्यास प्रोसेसर ६४-बिट आहे का, हेही दिसते. ही तपासणी टाळू नये, कारण २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून (डेबियन म्हणजे अँटीएक्स ज्यावर आधारलेली आहे ती लिनक्स प्रणाली) ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर मिळत नाही. पेनड्राइव्हवरून संगणक सुरूच होत नसेल, तर डीव्हीडी वापरावी.

यानंतर शाळेसाठी हार्ड डिस्कवर पूर्ण इन्स्टॉलेशन करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पपी लिनक्ससारखी प्रणाली सहसा रॅममध्ये उतरून चालते आणि डिस्क खराब असलेल्या संगणकाला ती वरदानच ठरते; मात्र बदल जतन करायचे राहिले, तर मुलांचे काम हरवू शकते, आणि १ जीबी रॅमवर ब्राउझरसाठी फारशी जागाही उरत नाही. डिस्कवर बसवताना स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडल्यास वापरला जाणारा डिस्कचा भाग) सुमारे २ जीबी जागा राखावी आणि ‘होम’ विभाग वेगळा ठेवावा, म्हणजे पुढे प्रणाली बदलली तरी मुलांच्या फाइली शाबूत राहतील. मराठीसाठी लोहित देवनागरी फाँट आणि इनस्क्रिप्ट कळफलक लगेच जोडून घ्यावा.