मॅन्युअल गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० जीएल-५ ऑइल चालेल का? (ठाणे)

गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ (जीएल म्हणजे गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर नाही, दुकानदार कितीही म्हणो. जीएल-५ मुख्यतः डिफरन्शियलच्या (चाकांना ताकद वाटून देणारा भाग) हायपॉइड गिअरसाठी (यात दात एकमेकांवर जोरात घासतात) असतं. त्यात सल्फर-फॉस्फरसचं प्रमाण जास्त; पितळी सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणारी कडी) झिजू शकते, शिवाय नीट पकडत नाही, आणि गिअर टाकताना खरखर येते. ७५डब्ल्यू-८० (हा ऑइलच्या जाडपणाचा आकडा) सांगितलं असेल तर तेच घ्या, जाड ऑइलने थंड गाडीत गिअर जड पडतात. छोट्या गाड्यांना साधारण २ लिटर लागतं. आधी फिलर प्लग (ऑइल भरायचं बूच) सुटतोय ना बघा, मगच ड्रेन प्लग (ऑइल काढायचं बूच) काढा! बहुतेक गिअरबॉक्समध्ये, गाडी सपाट उभी करून, फिलरच्या काठापर्यंत भरायचं. पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या तुंबलेल्या पाण्यातून गेल्यावर ऑइल दुधाळ दिसलं तर बहुधा ब्रीदरमधून (गिअरबॉक्सचं हवेचं छिद्र) पाणी शिरलंय, लगेच बदला.