ॲक्सेसच्या फॉर्मवर फिल्टर लावावा की क्वेरीच लिहावी?

तुमचा प्रश्न असा, की मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसमधला पट्ट्यांचा (शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या हिशोबांचा) फॉर्म उघडायलाच फार वेळ लागतो आणि कुणीतरी सांगितलंय, "फिल्टर काढा, सगळं क्वेरीनं करा." नांदेडच्या नव्या मोंढ्यात अडत दुकानांचे हिशोब मी ॲक्सेसमध्येच सांभाळतो, म्हणून रोजच्या कामातलं सांगतो.

क्वेरी म्हणजे टेबलमधून हव्या त्या नोंदी मागवणारी लेखी मागणी. फिल्टरचा यात दोष नाही. तो लावला की ॲक्सेस ती अट फॉर्मच्या क्वेरीला जोडून नोंदी नव्यानं मागवतं. वेळ जातो तो त्याच्या आधी. रेकॉर्ड सोर्सला, म्हणजे फॉर्म नोंदी जिथून घेतो त्या जागी, अख्खं टेबल दिलेलं असतं, म्हणजे एका शेतकऱ्याची पट्टी काढायला पाच वर्षांच्या पट्ट्या उघडायच्या. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर असली तरी तिथं निवडून देणारं कुणी बसलेलं नसतं. निवड तुमच्याच मशीनवर होते. खातेक्रमांकावर इंडेक्स, म्हणजे नोंद चटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची, असेल तर 4 केबीची मोजकी पानं केबलमधून येतात, नसेल तर टेबल अख्खं येतं.

म्हणून माझा फॉर्म रिकामाच उघडतो. रेकॉर्ड सोर्समध्ये कधीच खरी न होणारी अट ठेवलीय. वर खातेक्रमांकाचा रकाना, तो भरून एंटर मारला की त्या खात्यापुरती क्वेरी रेकॉर्ड सोर्सला बसते. हळद घालून शेतकरी काउंटरपाशी उभा असतो, त्याचा टेम्पो बाहेर थांबलेला असतो. त्याला ताटकळत ठेवणं मला पटत नाही.

क्वेरी लिहूनही इंडेक्स वाया जातो, तो असा: गाव शोधताना नावाच्या आधीही तारा (*, म्हणजे "इथं काहीही चालेल") टाकला, की सगळ्या नोंदी तपासाव्या लागतात. तारा शेवटीच ठेवा. तारखेतून वर्ष काढून तुलना केली तरी तेच. त्याऐवजी 1 एप्रिल ते 31 मार्च अशी सरळ हद्द द्या. आणि हे जपा: कोडमधून क्वेरीत तारीख घालताना ॲक्सेस आधी महिना वाचतं. 05/04/2024 लिहिलं तर 5 एप्रिलऐवजी 4 मे धरतं, 13/04 मात्र बरोबर वाचतं, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. 2024-04-05 असं वर्ष आधी लिहिलं की घोळ होत नाही.

एका खात्याच्या चाळीस पट्ट्या समोर आल्या, की त्यातल्या बाकी असलेल्या बघायला फिल्टर उत्तम. फक्त खाली "फिल्टर्ड" दिसतंय का बघत जा, नाहीतर पोरं पट्ट्या गहाळ झाल्या म्हणून घाबरतात.

आज एवढंच करा: फाइलची कॉपी काढून ठेवा, टेबलच्या डिझाइनमध्ये खातेक्रमांक आणि तारीख या दोन्हींना इंडेक्स द्या, एकच क्रमांक पुन्हा येऊ देणारा पर्याय निवडून, आणि मग फॉर्म उघडून बघा.