नोकरी सांभाळून वर्षभर रोज एक चित्र काढणं जमतं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. नोकरी आणि घर सांभाळून वर्षभर रोज एक चित्र काढणं जमेल का, एखादा दिवस हुकला तर काय करायचं, आणि रोजचं चित्र इन्स्टाग्रामवर टाकायचं का. कॉलेजनंतर ब्रश हातात धरलेला नाही, असंही लिहिलंय. मी हा उद्योग वर्षभर केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जमेल. पण 'एक चित्र' म्हणजे किती, हे आधी ठरवा. ते न ठरवता सुरुवात केली की पहिल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात रोज दीड-दोन तास जातात आणि नकळत तेच माप होऊन बसतं. मग ज्या दिवशी जेमतेम वीस मिनिटं मिळतात, त्या दिवशी 'एवढ्यात काय होणार' म्हणत वही उघडलीच जात नाही. माप वाईटात वाईट दिवसाचं घ्यावं. अंग कसकसतंय, रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सकाळी लवकर निघायचंय. अशा दिवशीही जेवढं होईल तेवढंच तुमचं 'एक चित्र'. माझं ठरलेलं होतं: पोस्टकार्डाएवढा कागद, एक पेन, समोर दिसणारी कुठलीही एक वस्तू, दहा मिनिटं. वेळ असेल तेव्हा रंग लावा, आणखी दोन काढा, काय वाटेल ते करा. हिशेबात धरायचं ते एवढंच.

रोजच्या कलेचा विषय निघाला की ओन कावारा या जपानी चित्रकाराचं नाव येतंच. ४ जानेवारी १९६६ ला त्याने 'टुडे' ही मालिका सुरू केली. एकरंगी कॅनव्हासवर पांढऱ्या अक्षरांत फक्त त्या दिवसाची तारीख. मध्यरात्रीच्या आत चित्र पुरं झालं नाही तर ते नष्ट करायचं, हा त्याचा नियम. हे त्याने जवळपास पाच दशकं केलं आणि चित्रं झाली तीन हजारांच्या आसपास. आता भागाकार करून बघा. पाच दशकांचे दिवस होतात अठरा हजारांच्या घरात, म्हणजे सरासरी सहा दिवसांना एक चित्र. लोक त्याचं उदाहरण 'रोज'साठी देतात, पण त्याचा दंडक होता सुरू केलेलं त्याच दिवशी संपवण्याचा. नोकरी करणाऱ्याला हा दंडक फार उपयोगी पडतो. अपुरं चित्र उद्यावर ढकललं की उद्या दोन कामं होतात, परवा तीन, मग 'रविवारी भरून काढू' सुरू होतं आणि तो रविवार येत नाही. दहा मिनिटं झाली की तारीख घाला आणि पान उलटा. अर्धवट खुर्ची अर्धवटच राहू दे.

दुसऱ्या टोकाला बीपल, म्हणजे माइक विंकलमन हा अमेरिकी डिजिटल चित्रकार. १ मे २००७ पासून त्याने खंड न पाडता रोज एक काम केलं. पहिल्या ५००० दिवसांच्या कामाचं एकत्र डिजिटल कोलाज मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलरना गेलं आणि सगळ्यांच्या लक्षात तो आकडाच राहिला. मला त्यातली वेगळीच गोष्ट घेण्यासारखी वाटते. पहिलं वर्ष त्याने रेखाटनं केली आणि दुसऱ्या वर्षी थ्रीडी सॉफ्टवेअर हातात घेतलं. एका वेळी एक साधन.

तुम्हीही निदान पहिले तीन महिने एकच साधन धरा. मी पेन सुचवेन. पेन्सिल घेतली की खोडरबर येतो आणि दहा मिनिटांची चाळीस होतात. पेनाला १०० ते १२० जीएसएमचा कागद पुरतो (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तसा कागद साधारण जाड). पुढे जलरंग लावायचे झाले तर ३०० जीएसएमचा घ्या, पातळ कागद पाण्याने फुगून लाटा येतात. पेनावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पाणीदार हात, द्यायचा असेल तर शाई वॉटरप्रूफ हवी, नाहीतर काढलेलं सगळं पसरतं. तैलरंग मात्र या कामाला नकोत. एकेक थर वाळायला काही दिवस लागतात आणि पंधरवड्यात घरात ओली चित्रं ठेवायला जागा उरत नाही. तुमचा जीव तैलरंगातच असेल, मोठ्या कॅनव्हासवर असेल, तर 'रोज एक चित्र' हा संकल्पच बदला आणि रोज अर्धा तास त्याच कॅनव्हाससमोर बसा. छोट्या कागदाच्या रियाजाने छोटा कागद उत्तम जमतो. मोठ्या आकाराची रचना त्याने आपोआप येत नाही, हे कुणी फारसं सांगत नाही.

काय काढू, हा प्रश्न रोज रात्री पडू देऊ नका, त्यातच दहा मिनिटं संपतात. महिन्याला एक विषय लावून टाका: एक महिना हात, एक महिना फक्त सावल्या, एक महिना घरातली एकच खुर्ची वेगवेगळ्या कोनांतून. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मात्र वैताग येणार. त्याचं कारण बहुधा आळस नसतं. काचेचा ग्लास कसा काढला की बरा दिसतो हे हाताला कळलेलं असतं आणि हात रोज तीच युक्ती वापरतो. अशा वेळी हाताची सोय काढून घ्यावी. कागदाकडे न बघता फक्त वस्तूकडे बघत काढा, डाव्या हाताने काढा, किंवा रेषा बंद करून नुसते गडद भाग भरा. चित्रं वाईट येतील, पण बघणं पुन्हा सुरू होतं. आणि त्याच रात्री निकाल लावत बसू नका. महिनाअखेरीला सगळे कागद जमिनीवर मांडून एकदम बघा. काढताना फसलेलं वाटलेलं एखादं तिथे सगळ्यात जिवंत दिसतं.

दिवस हुकण्याबद्दल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला सवयींचा एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत फरक १८ ते २५४ दिवसांचा होता आणि अधूनमधून एक दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. त्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, चित्रांच्या नव्हत्या, तरी '२१ दिवसांत सवय लागते' या गप्पांपेक्षा हे बरं. तेहचिंग शे या कलावंताने ११ एप्रिल १९८० पासून वर्षभर, दिवसरात्र, दर तासाला कारखान्यातल्यासारखं हजेरीच्या घड्याळात कार्ड पंच केलं. एकूण ८,७६० वेळांपैकी १३३ चुकल्या. त्याने त्या लपवल्या नाहीत. झोपल्यामुळे किती, उशीर झाल्यामुळे किती, वेळेआधी पंच केल्यामुळे किती, याची नोंद ठेवली आणि ती त्या कलाकृतीचाच भाग झाली. तुम्हीही हुकलेल्या दिवसाचा कागद कोरा ठेवा, तारीख घाला, कारण एका ओळीत लिहा. दुसऱ्या दिवशी दोन काढून भरपाई करायची नाही.

इन्स्टाग्रामवर रोज टाकू नका, निदान पहिले काही महिने तरी. मांजराच्या चित्राला लाइक जास्त पडतात हे एकदा कळलं की पुढच्या आठवड्यात चार मांजरं निघतात. शिवाय दहा मिनिटांच्या चित्राला फोटो, क्रॉप, कॅप्शन यात पंधरा मिनिटं जातात. दाखवावंसं वाटणारच, तर महिनाअखेरीला कागद मांडाल त्यातले चार-पाच टाका.