‘मी कोण?’ विचारायला निघालात? मग एवढं बघा

लोक स्वतःला कसं ओळखतात हे बघायला वीस वाक्यांची चाचणी घ्यायचं ठरवलंत, छान! ‘मी कोण?’ याची वीस उत्तरं लिहायची, ही कुन आणि मॅकपार्टलंड या समाजशास्त्रज्ञांची १९५४ची पद्धत सुरुवातीला पुरेशी आहे.

नवखे हमखास इथे चुकतात:

- एखाद्या काकू ‘अमक्याची आई, तमक्यांची सून’ म्हणाल्या, की लगेच ‘यांना स्वतःची ओळखच नाही’ असा शेरा मारू नका. त्याच काकूंना बचत गटाच्या वहीबद्दल विचारा. ‘हिशेब मीच बघते, तिथे कुणाचं चालू देत नाही!’ नात्यांतून स्वतःला ओळखणं ही उणीव नव्हे. मार्कस आणि कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी १९९१मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता.
- शेजारी कोण बसलंय ते टिपून ठेवा. सासूबाई खोलीत असल्या की उत्तरं बदलतात. (नवरा असला तरी, पण ते कुणी कबूल करत नाही.)
- ‘पूर्वेचे समूहवादी, पश्चिमेचे व्यक्तिवादी’ असे कप्पे पाडू नका. पुण्यातला विद्यार्थी आणि त्याची आजी यांच्यातच केवढा फरक सापडेल.

मोजपट्ट्या, आकडेमोड नंतर. आधी घरातल्या चारपाच जणांची उत्तरं शब्दशः उतरवून घ्या, अडलात तर विचारा.