गोफण, गलोल आणि सुश्रुताची पट्टी

‘स्लिंगशॉट’ला मराठीत गोफण म्हणावं का, असा प्रश्न आहे. नाही! दुबेळक्याला रबर बांधून पोरं कैऱ्या पाडतात ती गलोल किंवा बेचकी, विदर्भात गुलेल. ‘रबराची गोफण’ हे अनुवादांतून वारंवार कानी पडणारं कडबोळं आता पुरे झालं. गोफणीत रबर नसतंच. जोंधळा हुरड्याला आला की माळ्यावरचा राखणदार दोन दोऱ्यांमधल्या पसरट पट्ट्यात दगडाचा गुंडा ठेवून ती गरगर फिरवतो आणि एक टोक सोडून देतो. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरला पक्क्या रबराचं पेटंट मिळालं 1844 साली. बायबलमधल्या, गोफणीने गल्याथाला पाडणाऱ्या दाविदाच्या हाती बेचकी देणाऱ्या चित्रकारांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

गलोल फारसीकडून आली. तिथे ‘गुलूला’ म्हणजे गोळी, आणि गुलेल हे मुळात मातीच्या गोळ्या मारायचं धनुष्य.

पण खरी गंमत गोफणीत आहे. ‘गो’ दिसला की काही कोशप्रेमी लगेच गाय आणून बांधतात: गुरं हाकायला दगड फेकायची ती गोफण म्हणे! मग सुश्रुताचं काय करायचं? सुश्रुतसंहितेतल्या सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात त्याने जखम बांधायचे चौदा बंध सांगितले आहेत, त्यांत एक ‘गोफणा’. हनुवटी, नाक, ओठ, खांदा, बस्ती म्हणजे ओटीपोट इथे ती बांधायची. शल्यवैद्याच्या पट्टीत कुठली गुरं आणि कुठला दगड? मधे रुंद, दोन्हीकडे निमुळती होत गेलेली शेपटं, हा आकार तेवढा दोन्हींत सारखा. माझ्या मते हा शब्द आकाराला चिकटलेला आहे, कामाला नाही. गायवाल्यांनी आधी ही पट्टी गुरांमागे फेकून दाखवावी.

अवकाशयानांच्या ‘स्लिंगशॉट’ला मात्र गोफणच हवी, तिथे गलोल चालणार नाही. व्हॉयेजर-2 1979 मध्ये गुरूजवळून वळलं आणि गुरूच्या भ्रमणातला वेग थोडा उचलून पुढे शनीकडे निसटलं. यात ताणलेलं काही नाही. वळसा आहे आणि सुटणं आहे. ‘गुरुत्वगोफण’ म्हणा, खुशाल म्हणा. आणि जबडा मोडलेल्याच्या हनुवटीखालून बांधतात त्या पट्टीला ‘गोफणपट्टी’ म्हणायला आपल्या डॉक्टरांनी आजपासूनच सुरुवात करावी. सुश्रुताने नाव देऊन ठेवलंय, नवं घडवायचीही गरज नाही.