‘मूर्तिशास्त्र’ हा ‘आयकॉनॉलॉजी’ला प्रतिशब्द चालेल का?

कलेतिहासातल्या ‘आयकॉनोग्राफी’ (ढोबळमानाने, चित्र-मूर्तीतला विषय ओळखणे) आणि ‘आयकॉनॉलॉजी’ (त्यामागचा खोल अर्थ लावणे) या दोन्ही संज्ञांना ‘मूर्तिशास्त्र’ म्हणता येईल का, असा प्रश्न आहे.

पहिलीला बऱ्याच अंशी येईल. आयुधे, वाहन, मुद्रा पाहून देवता ओळखायची, तसेच ख्रिस्ती चित्रात मोडक्या चाकावरून संत कॅथरीन ओळखायची. काम एकाच जातीचे. चित्रेही त्यात घ्यायची असतील तर ‘प्रतिमाविद्या’ अधिक मोकळा शब्द आहे.

दुसरीबाबत आधी विचारावे: आयकॉनॉलॉजी कोणाची, कोणत्या सालची? चेझारे रिपा या इटालियन लेखकाच्या १५९३च्या ‘इकोनोलोजिया’ या ग्रंथात सद्गुण, दुर्गुण वगैरेंना मानवी रूप कसे द्यावे, हातात काय दाखवावे, हे सांगितले आहे. तिथे ‘मूर्तिशास्त्र’ चपखल बसतो. १९१२ साली जर्मन कलेतिहासकार आबी वारबुर्गने इटलीतल्या फेरारातल्या स्किफानोया महालाची भित्तिचित्रे उलगडताना हा शब्द वापरला, तो मात्र ग्रीक ज्योतिषातल्या आकृती भारतीय आणि अरबी ग्रंथांतून फिरत इटलीत कशा पोचल्या, या शोधासाठी.

खरा गुंता एर्विन पानोफ्स्की या जर्मन कलेतिहासकाराचा. त्याच्या १९३२च्या जर्मन लेखात फ्रान्त्स मार्क या आधुनिक चित्रकाराच्या ‘मांड्रिल’ चित्राचे उदाहरण आहे, तत्त्वज्ञ हायडेगरचा आधार आहे. नाझींनी हाम्बुर्गमधली नोकरी काढून घेतल्यावर तो अमेरिकेत गेला आणि १९३९ साली तीच मांडणी इंग्रजीत नव्याने लिहिली. आता सुरुवातीच्या उदाहरणात टोपी उचलून अभिवादन करणारा माणूस आला, हायडेगर गेला. अर्थ लावताना मजकुरावर थोडी जबरदस्ती करावीच लागते, हा अस्वस्थ करणारा विचारही त्याबरोबर गेला. इंग्रजी वाचकाला मिळाली ती तीन पायऱ्यांची सुटसुटीत पद्धत: टेबलाभोवती तेरा माणसे दिसणे, हे ‘अखेरचे भोजन’ आहे हे ओळखणे, आणि त्या चित्रातून लिओनार्दोची किंवा त्याच्या काळाची मनोधारणा वाचणे. तिसऱ्या पायरीला १९३९मध्ये ‘सखोल अर्थाने आयकॉनोग्राफी’ म्हटले होते. ‘आयकॉनॉलॉजी’ हे नाव त्याच मांडणीच्या १९५५च्या आवृत्तीत पक्के झाले. तिथेच, शास्त्र न राहता ज्योतिषासारखी तिची गत होईल, ही भीतीही त्याने नोंदवली. पुढे १९३९च्या पुस्तकाच्या १९६७मधल्या फ्रेंच अनुवादाच्या प्रस्तावनेत तर आज कदाचित जुनाच ‘आयकॉनोग्राफी’ शब्द घेतला असता, असे तो म्हणतो.

म्हणून पानोफ्स्कीच्या तिसऱ्या पायरीला ‘मूर्तिशास्त्र’ लावू नये. वाचक दुसऱ्याच पायरीवर थांबतो, ओळख पटली की अर्थ लागला असे समजतो. तिथे ‘प्रतिमामीमांसा’ लिहावे, पहिल्या वापरात ‘आयकॉनॉलॉजी’ कंसात द्यावे, आणि १९३२, १९३९ की १९५५ची मांडणी ते सांगावे. वारबुर्गसाठी मूळ शब्दच ठेवावा. त्याची व्याप्ती ‘प्रतिमामीमांसे’त मावत नाही.